डायमध्ये केस अडकली, रिम तुटली, पिनही वाकली: आता पुढे?

पितळवेडा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, केस म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. कोर्टातली नाही आणि डोक्यावरची तर नाहीच.

.३०८ विंचेस्टर (रायफलचं काडतूस), सिंगल स्टेज प्रेस, फुल लेंग्थ साइझिंग डाय (वाजलेली केस दाबून परत मापात आणणारा पोलादी साचा). केस पूर्ण आत गेली, हँडल उलट घेताना शेलहोल्डरने (केस बुडाशी धरणारी पकड) रिमचा (बुडाच्या कडेचा) लचका तोडला आणि केस आतच राहिली. डायमधला रॉड (ज्याच्या टोकाला प्रायमर ढकलणारी पिन असते तो) आट्यांवर फिरतोय, पण वरून बाहेर येत नाही. प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) पडला आहे, म्हणजे पिन निदान तेवढं काम करून गेली. खालून बॅटरी मारून बघितलं तर पिन थोडी तिरकी दिसते.

प्रश्न दोन. डाय न बिघडवता केस कशी काढायची? आणि अशा पिना वाकतात-तुटतात त्यामागे नेमकं काय असतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

संपादक

चर्चा सुरू होण्याआधी एक सूचना. भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये येतं. हा धागा जिथे रीलोडिंग (वाजलेली केस पुन्हा भरणं) कायदेशीर आहे अशा देशांत राहणाऱ्या सभासदांसाठी आहे. पावडरची मापं इथे कोणीही लिहू नयेत, त्यासाठी छापील मॅन्युअल आहेत. अवजारांवर हवं तेवढं बोला.

आटेवाला

पहिली गोष्ट, पान्याने किंवा पक्कडीने रॉड वर ओढायचा प्रयत्न बंद करा. तो का येत नाही ते बघा. केसची मान डायच्या मानेत घट्ट बसलेली आहे, आणि रॉडवरची एक्सपांडरची गोळी (मान आतून रुंद करणारा गोळा, बंदुकीची गोळी नव्हे) मानेच्या आतल्या मापापेक्षा काही थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठी आहे. एरवी गोळी मानेतून जाते तेव्हा मान बाहेर फुगू शकते. आत्ता बाहेरून पोलाद आहे, पितळाला सरकायला जागाच नाही. जोर केलात तर रॉडचे आटे जातील, केस जागची हलणार नाही.

बाजारात 'स्टक केस रिमूव्हर' नावाचा संच मिळतो. त्यात ७ नंबरचा ड्रिल (०.२०१ इंच), पाव इंची २० आट्यांचा टॅप, एक वाटी आणि ॲलन बोल्ट असतो. संच नसेल तर मेट्रिकमध्येही हेच होतं: ५ मिमी ड्रिल, एम६ टॅप, एम६ बोल्ट. वाटीऐवजी पाइपचा तुकडा चालतो, फक्त त्याचं आतलं माप केसच्या बुडापेक्षा मोठं हवं. .३०८ चं बूड १२ मिमी (०.४७३ इंच), .२२३ चं ९.६ मिमी, बेल्टेड मॅग्नमचं साडेतेरा मिमी. पाइपवर एक जाड वायसर ठेवायचा.

क्रम असा:

डाय प्रेसमधून काढा आणि वाइसमध्ये उलटी धरा, केसचं बूड वर. जबड्यात ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची पट्टी घाला. डायचे ७/८-१४ आटे थेट जबड्यात आले तर ती डाय पुन्हा प्रेसमध्ये सरळ बसणार नाही.

रॉडचा लॉकनट सैल करून रॉड डायच्या वरच्या टोकाकडे (डाय उलटी आहे, म्हणजे आता खाली) सरकवत न्या. गोळी मानेच्या बुडाशी टेकली की हाताला कळतं. तिथून अर्धा ते एक आटा परत आत घ्या. इथेच बरेच जण चुकतात. गोळी मानेत पाचर मारून बसवली तर पुढे केस ओढताना दोन्ही अडकतात. अर्धा आटा मोकळी ठेवली की केस सरकल्यावर मान डायच्या अरुंद भागातून बाहेर येत जाते आणि गोळीवरून नेहमीसारखी उतरते.

आता ड्रिल. प्रायमर पॉकेटच्या (प्रायमरच्या खोबणीच्या) मधल्या फ्लॅश होलवर (ठिणगी आत जायच्या भोकावर) टोक ठेवलं की ड्रिल आपोआप मध्यावर राहतो. .३०८ मध्ये पॉकेट साधारण सव्वातीन मिमी खोल आणि त्याखालची वेब (बुडाचं भरीव पितळ) दोनेक मिमी, म्हणजे एकूण पाचच्या आसपास. ड्रिलच्या टोकाचा दीड मिमी धरून ८ मिमीवर टेप गुंडाळा. टेप बुडाला टेकली की थांबा. फेरे कमी ठेवा, कारण पितळ ड्रिलला आत खेचून घेतं आणि वेब फुटताक्षणी ड्रिल धाडकन खाली जाऊन पिनेवर आदळतो. आधी वाकलेली पिन मग तुटते.

टॅप करताना तेलाचे दोन थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. टेपर टॅपचं टोक निमुळतं असतं, पूर्ण आटा मिळायला तो आठ-दहा मिमी केसच्या आत जावा लागतो. रॉड आधी बाजूला नेणं का गरजेचं, ते इथेही लक्षात येईल. भुसा झटकून टाका.

वाटी बुडावर घाला. ती डायच्या तोंडावर टेकली पाहिजे, केसच्या रिमवर नाही. बोल्टच्या डोक्याखाली ग्रीस, बोल्ट शक्यतो ग्रेड ८ चा. ॲलन कीने आवळत जा. सुरुवातीला दात-ओठ खावे लागतील, मग 'टक्' आवाज येतो आणि पुढचं सगळं सोपं. शेवटी मान गोळीवरून जाताना पुन्हा थोडा जोर लागेल, त्याला घाबरू नका.

बर्फवाला

ड्रिलला हात लावण्याआधी डाय रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून का बघत नाही? पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं. फुकटचा उपाय आहे.

आटेवाला

आकसतं, पण किती ते मोजा. पितळाचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे १९, पोलादाचा १२, दोन्ही दशलक्षांश. खोलीच्या २२ अंशांवरून उणे १८ वर नेलं तर फरक ४० अंशांचा. १२ मिमी व्यासावर दोघांच्या आकसण्यातला फरक ०.००३४ मिमी. इंचात सांगायचं तर एक थाऊचा सातवा-आठवा हिस्सा. जेमतेम अडकलेली केस त्याने सुटू शकते. कोरडी जाऊन पितळ घासून बसलेली केस सुटत नाही. शिवाय रिम तुटली असेल तर थंड करूनही तिला धरणार कशाने?

रिम शाबूत असेल आणि रॅम (प्रेसचा दांडा) खाली येत नसेल, तेव्हा मात्र फ्रीजर आणि पाझरणारं तेल दोन्ही करून बघावं. तोंडाशी तेल सोडा, काही तास थांबा, मग हँडलला झटका न देता एकसारखा दाब द्या.

आणि कोणी टॉर्चने तापवायला सांगेल, त्याचं ऐकू नका. तापलं की पितळ जास्त फुगतं, म्हणजे अजून घट्ट बसतं, आणि डायचं पाणी उतरतं ते वेगळंच.

बर्फवाला

हिशोब मान्य. रिम शाबूत असेल तर बर्फ, नसेल तर ड्रिल.

डेट्रॉईटचा_भाऊ

ली कंपनीच्या डाय असतील त्यांच्यासाठी: तिथे रॉड आट्यांवर नसतो, वरच्या कोलेटमध्ये पकडीवर धरलेला असतो. त्यामुळे तिथे बहुतेक वेळा ड्रिलची गरज पडत नाही. कोलेटचा नट ढिला करायचा आणि वरून रॉडवरच हातोडी मारायची, रॉडचा खांदा केसच्या बुडाला आतून ढकलून बाहेर काढतो. डाय खालून आधार देऊन धरा आणि केसला पडायला जागा ठेवा. हलक्या हातोडीने दहा टुकटुक करण्यापेक्षा जड हातोडीचे दोन सरळ घाव बरे, टुकटुकीने रॉडचं डोकं पसरतं आणि मग तो कोलेटमधून निघत नाही.

आट्यांवरच्या रॉडला हा प्रयोग करू नका. तिथे घाव आट्यांवर बसतो.

नवखा_२२३

.२२३ मध्ये पाव इंची आटे धरतील का? आणि गेलेच तर?

आटेवाला

धरतात, पण पुन्हा संधी मिळत नाही. .२२३ चं पॉकेट छोटं, ०.१७५ इंच, म्हणजे ड्रिल सगळीकडे भरीव पितळ कापतो आणि आटे पूर्ण पडतात. .३०८ मध्ये पॉकेट ०.२१० म्हणजे ड्रिलपेक्षा मोठंच, त्यामुळे पॉकेटमध्ये आटे उथळ पडतात आणि खरी पकड वेबमध्ये असते. म्हणून .३०८ मध्ये वेबपलीकडे टॅप पूर्ण गेलाय याची खात्री करूनच बोल्ट लावा.

.३०८ मध्ये आटे गेले तर एफ अक्षराचा ड्रिल (०.२५७) आणि ५/१६-१८ टॅप, एवढी जागा त्या बुडात आहे. .२२३ मध्ये तसं केलंत तर भिंत पापुद्र्याएवढी राहील. तिथे थांबा आणि डाय कंपनीकडे पाठवा. मोठ्या डाय कंपन्यांची ग्राहकसेवा अडकलेली केस काढून देते, आधी फोन करून विचारा.

बूडच तुटून आलं आणि नुसती नळी आत राहिली, तर ड्रिल थांबवा. नळीच्या आत मावेल असा मोठा टॅप घालून चार आटे पकडा. बूड गेलं तरी मान तशीच घट्ट असते, वरून रॉड काढायचा मार्ग अजूनही बंदच असतो, म्हणून ओढायचं खालूनच. ओढूनही येत नसेल तर कंपनीकडे.

संपादक

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. केसमध्ये न वाजलेला प्रायमर असेल तर ड्रिल, हातोडी, टॅप यातलं काहीही करायचं नाही. तेल टाकलं की प्रायमर मरतो हा समज भरवशाचा नाही. धागाकर्त्याचा प्रायमर पडलाय म्हणून वरची चर्चा त्यांना लागू आहे. पिन तुटल्यामुळे प्रायमर आत राहिला असेल, तर तो वाजलेला आहे याची आधी खात्री करा; नुसती खूण पुरेशी नाही, न वाजलेल्या प्रायमरवरही ती असू शकते. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

वंगणशास्त्री

काढण्यावर खूप लिहून झालं, अडकते का यावरही बोलू.

बाटलीच्या मानेची केस डायमध्ये सगळ्यात जास्त झगडते ती खालच्या तिसऱ्या भागात, वेबच्या थोडं वर, कारण तिथे भिंत जाड असते. लोक खांद्याला आणि मानेला वंगण फासतात आणि खालचा भाग कोरडा ठेवतात. नेमकं उलट हवं. खांद्यावर वंगण साचलं की ते दबायला जागा शोधतं आणि पितळात खळगे पाडतं. ते खळगे पुढच्या फायरिंगला निघून जातात, पण वंगण कुठे जास्त झालं तेही त्यावरूनच कळतं.

साइझिंग वॅक्स वापरत असाल तर बोटाच्या टोकावर पुसट थर, तीन-चार केसांना एकदा. मानेच्या आत ब्रशने अभ्रकाची किंवा ग्रॅफाइटची कोरडी पूड. हँडल उलट घेताना 'चीं' असा आवाज येतो तो मानेचा. तो दुर्लक्षिला तर गोळी खांदा वर ओढते, आणि साइझ केलेली केस चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) बसत नाही.

घरी करायचं असेल तर द्रव लॅनोलिन आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ३० मिली लॅनोलिनला ३०० मिली अल्कोहोल. कोणी जास्त घट्ट करतं, कोणी पातळ, पण एकास दहा ठीक चालतं. ७० टक्क्यांचं घेऊ नका, त्यातल्या पाण्यामुळे लॅनोलिन फुटतं आणि फवारा गाठी मारतो. बाटली गरम पाण्यात ठेवून हलवा, शेगडीवर नाही, अल्कोहोल आहे ते. शंभर केस डब्यात पसरा, फवारा, हलवा, पुन्हा फवारा. मग पाच ते दहा मिनिटं थांबा. फवाऱ्याच्या वंगणावर केस अडकण्याचं पहिलं कारण म्हणजे ही पाच मिनिटं न थांबणं. ओलं अल्कोहोल वंगण नाही, ते उडून गेल्यावर जो थर राहतो तो वंगण.

नवी डाय किंवा नुकतीच विरघळकाने धुतलेली डाय असेल तर पहिल्या दोन केसांना दुप्पट वंगण द्या. डायच्या भिंतीवर अजून काहीच बसलेलं नसतं.

लष्करी ७.६२ ची पितळं असतील तर अजून सावध. मशीनगनचं चेंबर सैल असतं, बूड फुगून येतं, आणि ते परत मापात आणायला जास्त काम पडतं. स्मॉल बेस डाय (बूड जास्त आवळणारी) असेल तर अजूनच. कार्बाइड डायचा भरवसा फक्त सरळ भिंतीच्या पिस्तुली केसांना. बाटलीच्या मानेला कार्बाइड असली तरी वंगण लागतंच.

शेवटचं: नेहमीपेक्षा हँडल जड लागलं तर पुढे रेटू नका. अर्ध्यावर गेलेली केस बाहेर येते. 'आता एवढं आलंच आहे तर' म्हणून पूर्ण दाबलेली केस या धाग्यावर येते.

डेट्रॉईटचा_भाऊ

शेवटच्या वाक्याला +१.

पिनपॉइंट

पिनांचं मी लिहितो.

पिन स्वतःहून मोडत नाही, तिला भलत्या ठिकाणी जायला लावलं की मोडते. कारणं, मला वाटणाऱ्या क्रमाने.

रॉड खूप खाली सोडलेला. डायच्या तोंडाखाली पिन ३ ते ५ मिमी दिसली की प्रायमर पडायला पुरेसं होतं. त्याहून खाली असेल तर पिन धरणारा नट केसच्या वेबवर आदळतो आणि सगळा रॉड वाकतो. धागाकर्त्याची पिन तिरकी दिसते म्हणतात, तर आधी रॉडच तपासा. बाहेर आल्यावर काचेवर लोळवा, काचेखाली उजेड डोकावला की रॉड वाकलाय. वाकलेला रॉड सरळ करत बसू नका, बदला. गोळी जरा जरी बाजूला राहिली तर मान वाकडी होते आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

दुसरं, फ्लॅश होल लहान. अमेरिकन पितळात भोक साधारण ०.०८० इंच (२ मिमी). लापुआची ६.५ क्रीडमूर, ६ मिमी बीआर, .३०८ पाल्मा ही पितळं ०.०५९ (१.५ मिमी) भोकाची येतात. जाड पिन त्यात शिरते आणि परत येत नाही: एक तर पिन रॉडमधून उपटून भोकात राहते किंवा वाकते. यासाठी ०.०५७ ची बारीक पिन मिळते, रेडिंगकडे आहे. काही जण ४५ नंबरच्या ड्रिलने (०.०८२) भोकंच मोठी करतात. मला ते पटत नाही. करायचंच असेल तर अख्ख्या लॉटची करा, मिसळू नका, आणि लोड (दारूचं माप) कमीपासून पुन्हा बांधत या.

तिसरं, बर्डन जातीच्या प्रायमरची पितळं. मध्ये भोकच नाही, बाजूला दोन बारीक भोकं आणि मध्ये ऐरण. पिन थेट ऐरणीवर. अवांतर: बॉक्सर हा इंग्रज कर्नल आणि बर्डन हा अमेरिकन, दोघांची पेटंटं १८६६ ची, आज अमेरिका बॉक्सर प्रायमर (मध्ये एकच भोक) वापरते आणि युरोपच्या लष्करांनी बर्डन वापरला. आपल्यासाठी अजून एक अवांतर: जुन्या .३०३ च्या बुडावर 'के एफ' ठसा दिसला तर ते पितळ पुण्याशेजारच्या खडकीचं, १८६९ मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याचं. इंग्रजी लष्करी धाटणीची .३०३ बहुतेक बर्डनच असते. अभिमानाने कपाटात ठेवा, डायमध्ये घालू नका.

चौथं, केसमध्ये भलतंच काही. मक्याच्या कणसाचा भुसा, खडा, मोठ्या पिस्तुली केसमध्ये घुसलेली छोटी केस. ओल्या टंबलिंगच्या (पाण्यात घोळून केस धुण्याच्या) स्टीलच्या बारीक सळ्या दोन-दोन मिळून फ्लॅश होलमध्ये पाचर मारतात. उपाय एकच: प्रत्येक केस डायमध्ये जाण्याआधी आत बघा. टेबलावर दिवा असा लावा की ट्रेमधल्या केसांच्या तोंडातून बूड दिसेल. शंभर केसांना मिनिटभर लागतं, त्यात बर्डनही कळतात.

लष्करी क्रिम्प (प्रायमर घट्ट राहावा म्हणून पॉकेटची दाबलेली कड) लोक पहिल्या नंबरवर ठेवतात. मी ठेवत नाही. क्रिम्प केलेला प्रायमर जड जातो, पण सरळ, चांगली धरलेली पिन त्याला ढकलते. रॉड आधीच तिरका असेल तर क्रिम्पवर त्याचं पितळ उघडं पडतं, इतकंच.

नवखा_२२३

पिन प्रायमर ढकलायच्या ऐवजी त्याला भोक पाडून आरपार जाते आणि कडं पॉकेटमध्ये राहतं. हे का?

पिनपॉइंट

टोक झिजून निमुळतं झालंय, किंवा प्रायमर गंजून पॉकेटला धरलाय. पिनेचं टोक सपाट हवं, कड नावापुरती मोडलेली. बारीक दगडावर चार घास पुरतात. दुसरा त्रास, प्रायमर पिनेला चिकटून परत पॉकेटमध्ये ओढला जातो, तोही बहुतेक टोकावरच्या खरखरीत कडेमुळे.

पिन भोकात राहिली असेल तर बाहेरून, पॉकेटच्या बाजूने, भोकात जाईल असा बारीक पंच लावून आत ठोका. बाजूने पक्कडीने ओढू नका, भोक लांबट होतं.

डोकं असलेली पिन नटमध्ये किंचित हलते, ती तशीच राहू द्या, तेवढ्या खेळामुळे ती भोक स्वतः शोधते. नट जीव काढून आवळला की पिन एका बाजूला कलते. आणि रॉडचा लॉकनट आवळायची खरी वेळ म्हणजे केस डायमध्ये असताना, गोळी मानेत अर्धवट आली की. त्या क्षणी मान गोळीला मध्यावर धरते.

मिश्र किंवा लष्करी पितळ असेल तर साइझिंग डायमधून पिनच काढून टाका आणि डीकॅपिंगला (जुना प्रायमर पाडायला) वेगळी युनिव्हर्सल डाय ठेवा. लीच्या डायमध्ये रॉड कोलेटच्या पकडीवर असतो, बर्डन लागला तर मोडायच्या ऐवजी वर सरकतो. माइटी आर्मरीच्या डायची पिन जाड आणि दणकट. दोन्हींच्या मागचा विचार वेगळा: एक शरण जाते, दुसरी लढते. घाणेरड्या पितळाला मी शरण जाणारी लावतो.

पितळवेडा

आभार मंडळी. रॉड अर्धा आटा मोकळा ठेवून ७ नंबरचा ड्रिल आणि पाव इंची टॅप लावला, केस आली. रॉड काचेवर डुगडुगतोय, नवा मागवला आहे. डायच्या आत पितळाची पिवळी रेघ दिसते. डाय गेली का?

आटेवाला

रेघ पिवळी आहे म्हणजे ते पोलादावर चिकटलेलं पितळ आहे, खरचटणं नाही. लाकडी दांडीला चीर पाडून त्यात ०००० नंबरचं स्टील वूल अडकवा, धातूचं पॉलिश लावा, ड्रिलमध्ये धरून मंद फिरवा. अर्धा मिनिट, पुसून बघा, पुन्हा अर्धा मिनिट. एमरी पेपर अजिबात नको. मानेच्या भागात दांडी घुसवू नका, तिथलं माप एकदा वाढलं की डाय भंगारात. विरघळकाने धुवा, आणि शास्त्रीबुवा म्हणतात तसं पहिल्या दोन केसांना दुप्पट वंगण द्या. शेलहोल्डरचा ओठही तपासा. रिम तोडताना तोही वाकतो, आणि वाकला असेल तर पुढच्या केसची रिम तोडायला तयारच असतो.

मग पाच केस साइझ करा आणि उजेडात फिरवून बघा. डायची दिशा लक्षात राहावी म्हणून प्रत्येक केस ठशातलं एकच अक्षर समोर ठेवून घाला. ओरखडा पाचही केसांवर त्याच जागी आला तर कण अजून डायमध्ये आहे, पुन्हा पॉलिश करा. जागा बदलत असेल तर डाय ठीक आहे, कचरा तुमच्या केसांवर किंवा वंगणाच्या चिंधीत आहे.